शेवंतीची तहान

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि शिवदासला ते ऐकू आलं नाही. झालं होतं ते एवढंच. याहून मोठ्या गोष्टी रोज सकाळी पेपरात छापून येतात आणि दुपारी त्याच पेपरावर कुणीतरी मेथी निवडतं. पण हा माणूस एकतीस वर्षं पाणी खात्यात गळत्या शोधणारा. डांबरी रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली चार हात खोल कुठल्या नळाचा कुठला सांधा रडतोय ते जागेवर बोट ठेवून सांगायचं, हे त्याचं काम. साहेब लोक नकाशे उलगडून बसत आणि हा म्हणे, इथे खणा. खणलं की पाणी. अशा माणसाच्या निवृत्तीला पुरतं वर्ष झालं नव्हतं, तोच नीलम पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, हा नळ परवापासून रडतोय. तुमच्या राज्यात!" ती हसली, तोही हसला, त्याने वॉशर बदलला. मग मोरीत जाऊन दार लावून त्याने उजव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली. वाळलं पान चुरगळावं तसा आवाज आला. डाव्या कानाजवळ घासली. काही नाही. पुन्हा घासली. काहीच नाही, जणू त्या बाजूची बोटं दुसऱ्याच कुणाची होती आणि ती भलत्याच घरात एकमेकांवर घासली जात होती.

नीलमला त्याने हे सांगितलं नाही. त्या आठवड्यात तो घरात जरा जास्तच मोठ्याने बोलत होता, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं आणि तिने त्याला रविवारी वर्सोव्याला पिटाळलं. "मेट्रोत बसा, शेवटच्या स्टेशनला उतरा, चांगली सुकट घेऊन या. घरात बसून भिंतींशी भांडू नका." घाटकोपरला मेट्रो सुरू होते, वर्सोव्याला संपते, मधे माणसाला बिघडायला वावच नाही. तरी शिवदास बिघडला. कोळीवाड्याच्या टोकाला, सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे, खाडीच्या काठावर ओंडक्यांवर टेकवून ठेवलेली एक जुनी लाकडी होडी होती आणि चार माणसं तिच्या पोटाशी बसून लाकडी हातोडीने ठोकत होती. टोक, टोक, टोक. तो आवाज त्याच्या उजव्या कानात शिरला आणि तळपायापर्यंत उतरला. तो पुढे झाला, न विचारता लाकडावर तळहात ठेवला. एका मुलीने, रुचिका तिचं नाव, अंधेरीला घरांचे नकाशे काढायची, त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ हातोडी त्याच्या हातात दिली. "काका, बघत काय उभे राहिलात? बसा की!" त्या दिवशी सुकट आली नाही. नीलमने त्याच्या नखांतली राळ बघून कपाळाला हात लावला. "सुकट आणायला गेलात आणि होडी घेऊन आलात!"

होडीचं नाव शेवंती. कोळीवाड्यातल्या सोनूबाईच्या सासऱ्याने ती बांधून घेतली होती, इंजिनं यायच्या आधी, शिडावर चालणारी. खाडीपलीकडे मढला माणसं ने, मीठ आण, लग्नाची वऱ्हाडं पोचव, असा तिचा संसार. मग एक दिवस तिला वर ओढली ती ओढलीच. वीस वर्षं तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. रुचिकाने ती पाहिली, दहा ठिकाणी विनवण्या केल्या, आणि हळूहळू दर रविवारी माणसं यायला लागली. बोरिवलीचा मितेश फरशा विकायचा, पण त्याच्या बोटांत सुताराची हौस होती. येताना डबाभर थेपले आणायचा आणि सगळ्यांना आधी खायला लावूनच कामाला बसवायचा. कुणी शिक्षिका, कुणी बँकेतला. आणि सगळ्यांवर नजर ठेवून, उलट्या टोपलीवर बसलेली, चौऱ्याहत्तर वर्षांची सोनूबाई. तिला सगळे सोनूमावशी म्हणत. ती स्वतः हातोडीला हात लावत नसे. फक्त ऐकायची. "ए मितेश, तो आवाज कसला रं? भाकरी थापतोस की होरी ठोकतोस?" शिवदासला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली. आवाजावरून काम ओळखणारं माणूस त्याला खात्यातही फारसं भेटलं नव्हतं.

आणि आता मे महिन्यातला हा पुनवेचा रविवार. सकाळचे दहा. दुपारी पाऊणला उधाणाची भरती आणि तिच्यावर शेवंती तरंगायची होती. तरंगायलाच हवी होती. सोनूमावशीचा मुलगा अनंता, स्वतः नाखवा, त्याने महिनाभर आधीच बजावलं होतं की पावसाळ्याआधी धंद्याच्या होड्या वर ओढायच्या, त्यांना हीच जागा लागते, आणि एवढं उंच पाणी पुनवेलाच चढतं. "त्या दिवशी उतरली तर उतरली. नाय तर फळ्या काढून जळण. आये, मना बोल लावू नको मंग." आई त्या दिवशी नुसती उठून होडीच्या नाळेवरून, पुढच्या त्या उंच टोकावरून, हात फिरवून आली होती, नांदायला निघालेल्या लेकीची वेणी शेवटची सारखी करावी तसा. आठवडाभर तिने स्वतःच्या देखरेखीत होडीवर ओली गोणपाटं टाकून ठेवली होती, लाकूड जरा भानावर यावं म्हणून. आज सकाळी गोणपाटं काढली. फळ्या काळ्याभोर, गार, पावसातल्या म्हशीसारख्या दिसत होत्या. रुचिकाने नाळेला झेंडूचा हार घातला. मितेशने मोबाईलवर गाणं लावलं. आणि शिवदास डाव्या अंगाला, खालून तिसऱ्या फळीपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर एक खिळा होता.

खिळ्याचं डोकं वर आलं होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं. मागच्या रविवारी ते फळीत बुडलेलं होतं, ही त्याची खात्री होती. कारण ही फळी त्याची. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठासायची आणि वरून राळ आणि तेल भरायचं, हे काम त्याला दिलं होतं, आणि त्याने ते अशा निगुतीने केलं होतं की सोनूमावशीसुद्धा एकदा म्हणाली, "हात बरा हाय तुझा." ते 'बरा' ऐकून त्याला एवढं उधाण आलं की त्या संध्याकाळी बाकीचे चहाला गेल्यावर तो मागे राहिला आणि त्याच फटीत दुसरी वात ठासली, मग तिसरी. घाम येईपर्यंत ठासली. हातोडी पार टणक आवाज द्यायला लागली तेव्हाच थांबला. गळती म्हणजे काय हे या मंडळींना काय ठाऊक, असं त्याच्या मनात होतं. थेंबाला वाट दिली की थेंब नदी आणतो. त्याने पाहिलं होतं, सुईएवढ्या भोकाने रस्ता आतून पोखरलेला आणि वर ट्रक उभा. आपल्या फळीतून एक टिपूस आत येणार नाही. एक कान गेला असेल, हात शाबूत आहे. हे त्याला कुणाला दाखवायचं होतं, कुणास ठाऊक. कदाचित त्या स्वयंपाकघरातल्या नळालाच.

मग मागच्या रविवारी, थेपले खाता खाता, सोनूमावशीने सहज गोष्ट सांगितली. तिच्या दिराने एकदा नव्या जोमात फटी गच्च भरल्या. होडी पाण्यात घातली, झकास, एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी भर खाडीत फळी खिळ्यांसकट सुटली, कुकरचं झाकण उडावं तशी. "लाकूड म्हनजे काय लोखंड हाय? त्याला तान लागते. पानी पितं, फुगतं, आपली फट आपन मिटवतं. त्याला फुगायला जागा ठेवायची. जागा नाय ठेवली तर ते कुठं जाईल? बाहेर!" सगळे हसले. शिवदासही हसला. त्याच्या तोंडातला घास मात्र तिथेच फिरत राहिला. आठवडाभर तो वाक्य जुळवत होता. मावशी, मी जरा जास्त... नाही. रुचिका, ते डाव्या अंगाचं... नाही. बोललं असतं तर ते म्हणाले असते, काका, तुम्हाला सांगितलं होतं ना एकच वात? आणि खरंच सांगितलं होतं. त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून सांगितलं असेल. मग हेही सांगावं लागलं असतं की त्या बाजूने आता मला ऐकू येत नाही, आणि मग रविवार संपले. कुणी काढून टाकलं नसतं. गोड बोलून चहा आणायच्या कामाला लावलं असतं. त्यालाच तो भीत होता.

त्याने पिशवीतून आपली कांब काढली. ती खात्याची नव्हती, त्याची स्वतःची होती. तिच्या टोकाला कानाला लागणारी बाभळीची वाटी त्याच्या बापाने कोरून दिली होती, जालन्याकडच्या गावी, शिवदासला नोकरी लागली त्या उन्हाळ्यात. बापाने मुंबई पाहिली नव्हती की समुद्र पाहिला नव्हता, पण लेकाचं काम ऐकण्याचं आहे एवढं त्याला कळलं आणि त्याने वाटी अशी गुळगुळीत केली की कान तिच्यात झोपी जावा. शिवदासने कांब खिळ्याशेजारी टेकवली, उजवा कान लावला. आधी मितेशचं गाणं, लांबून, भांड्यात कोंडल्यासारखं. मग त्याच्याखाली, अगदी बारीक, कुर्र. थांबून पुन्हा कुर्र. नवी चप्पल घालून कुणीतरी दबकत चालावं तसं. फळी कण्हत होती. नुसत्या ओल्या गोणपाटांनी एवढं झालं होतं, मग खाडीत काय होईल? त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पायाशी हातोडा पडला होता. एक ठोका, फार तर दोन, आणि तांदळाचा दाणा पुन्हा आत. पाऊणला भरती. शेवंती तरंगली असती, फोटो निघाले असते, अनंताचं तोंड बंद झालं असतं. आणि उद्या? त्याने हातोडा उचलला. दांडा हातात किंचित हलला. हातोड्याचं डोकं सैल होतं, दांडा उन्हाने वाळलेला.

आणि त्या हलण्याबरोबर त्याला बाप दिसला, अंगणात उकिडवा, कुदळ घेऊन. चैत्रात कुदळीचा दांडा असाच सैल व्हायचा. बाप कधी त्यात पाचर ठोकत नसे. तो कुदळ रांजणाशेजारच्या डबक्यात बुडवून ठेवायचा आणि वाट बघायचा. "बाबा, काय करता?" "पाणी पाजतो." बैलगाडीची चाकंसुद्धा अशीच ओढ्यात ठेवायची, त्यांच्यावरच्या लोखंडी धावा सैल झाल्या की. आणि आई नवी घागर आणली की रातभर भरून ठेवायची, घागर बाहेरून पाझरायची, खालची माती भिजायची, आणि आई दळता दळता म्हणायची,

नव्या गं घागरीला पाणी पाजावं रातीला
तहान भागल्यावीण माया येईना मातीला

पिण्याचं पाणी नव्हतं त्या गावात. दोन कोसांवरून आणलेलं पाणी आई मातीला पाजायची आणि त्याबद्दल कधी हळहळली नाही. हे सगळं त्याला ठाऊक होतं. सोनूमावशीने सांगायच्या पन्नास वर्षं आधी ठाऊक होतं. मग मधे एकतीस वर्षं लोखंडी नळ आले, आणि लोखंडाला तहान नसते, लोखंडात फट म्हणजे फटच. त्याला बापाचा हात आठवला, कुदळ उचलून दांडा हलवून बघणारा, घट्ट झालेला, आणि बापाचं ते एका बाजूचं हसू. शिवदासला एकदम एवढं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला. दहा-बारा माणसं वळून बघायला लागली.

"मावशी," तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा मोठा लागला, "या फळीला मी तीन वाती ठासल्यात. खिळा वर यायला लागलाय. माझी चूक आहे." गाणं बंद झालं. रुचिकाचा हात हारावरच राहिला. अनंता होड्यांच्या दोऱ्या तपासत होता, तो ताठ झाला. सोनूमावशी टोपलीवरून उठली, आली, वाकली, खिळ्यावर अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. "तीन?" "तीन." "वात घातलीस की गादी भरलीस?" मितेश फिसकन हसला. मग सगळेच. "आनि मला वाटलं, ह्यो मानूस कसा गप गप हाय आज सकालपासून. मी बोललं, बायकोशी भांडला असंल!" तिने शिवदासच्या पाठीत एक दणका दिला. "एकच वात सांगितली होती मी तुला. ऐकलं नाय?" शिवदासने डावा कान पकडला, शाळेत पकडतात तसा. "या बाजूनं सांगितलं असेल मावशी. ही बाजू बंद आहे. जानेवारीपासून." बोलून झालं. एवढंसं वाक्य, चार महिने पोटात घेऊन फिरत होता. सोनूमावशी त्याला वळसा घालून उजवीकडे आली आणि त्या कानात ओरडली, "मंग आधी बोलायचं ना रं, मेल्या!"

साडेदहा वाजले होते. अनंता म्हणाला, "आये, सगळी फट उकरायची म्हनजे पानी येईल तोवर व्हायचं नाय." "तू उभा राहून बोलत राहिलास तर नायच व्हायचं," म्हातारी म्हणाली. मग काय झालं ते शिवदासला पुढे नीट क्रमाने आठवायचं नाही. बारा-तेरा माणसं एका फळीला चिकटली होती, ताटाभोवती मुलं बसावीत तशी. वाकवलेले खिळे, स्क्रू-ड्रायव्हर, कुणाची केसांची पिन. कापूस निघत होता, चिकट, राळेने माखलेला, निघता निघेना. "शिवदासभाई," मितेश घाम पुसत म्हणाला, "तुम्ही कबरस्तानात नोकरी करायला पाहिजे होती. गाडलेलं परत वर येणार नाही, गॅरंटी!" अनंता थोडा वेळ लांबून बघत राहिला. मग लुंगी खोचून तोही बसला, आणि त्याच्या बोटांना जे येत होतं ते बाकी कुणालाच येत नव्हतं, एका झटक्यात हातभर वात. त्याने शिवदासकडे न बघता विचारलं, "कांबेत खरंच ऐकू येतं?" शिवदासने कांब पुढे केली. अनंताने कान लावला, डोळे बारीक केले. "आयला," एवढंच म्हणाला.

पाणी आलं तेव्हा एक नवी वात, सैल, नुसती ठेवल्यासारखी, अर्ध्या फटीपर्यंतच गेली होती. बाकी अर्धी उघडी. राळ भरायला वेळच नव्हता. रुचिकाने नखं कुरतडत विचारलं, "मावशी, बुडणार नाही ना?" "बुडंल तर उपसू," सोनूमावशी म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी होडीत चढून बसली. मागोमाग शिवदास आणि आणखी काही जण चढले, बाकीचे बाजूंना हात लावून उभे राहिले. खाडीचं पाणी ओंडक्यांना लागलं, मग होडीच्या पोटाला. खालून कुणीतरी हळूच खांदा द्यावा तशी शेवंती जरा उचलली, पुन्हा टेकली, पुन्हा उचलली. मग एकदम तिचं वजन कुणाच्याच हाताला लागेना. काठावर एकच गलका झाला. आणि आत, शिवदासच्या घोट्यापर्यंत, डाव्या अंगाने, हसत खिदळत पाणी यायला लागलं.

त्याला पोहता येत नव्हतं. पाण्यात बसून पाणी आत येताना बघायचं, हे त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. गळती सापडली की त्याचं काम संपे, पुढे खणणारे येत. इथे खणायचं नव्हतं. पाच बादल्या होत्या, दोन पातेली, आणि मितेशचा थेपल्यांचा रिकामा डबा. उपसायचं, भरू द्यायचं, उपसायचं. अनंताने होडी खोल पाण्यात नेऊन नांगर टाकला. ऊन कलायला लागलं, मढची फेरीबोट जाता-येता भोंगा देऊन चेष्टा करत होती, नीलमचा फोन आला आणि तिला शिवदासने सांगितलं की मी बुडत्या होडीत आहे आणि मजेत आहे. मग ती म्हणाली, "इतकं हळू बोलताय म्हणजे बरे आहात." पाण्याची चाल तो पायांनी मोजत होता. आधी घोट्यावर, मग घोट्यात, मग तळव्याशी. चार वाजता दर बादलीला माणूस लागत होता. पाचला दोघे पुरले. सोनूमावशीने मांडी घातली होती आणि ती गुणगुणत होती, तिच्या सासूच्या वेळचं काहीतरी, ज्यात दर्याला जावई म्हटलं होतं आणि होडीला लाडाची लेक.

सहाच्या सुमाराला तिने गाणं थांबवून हात वर केला. "गप. समदे गप. शिवदास, लाव रं ती कांब."

त्याने कांब तिसऱ्या फळीला टेकवली, बाभळीच्या वाटीत उजवा कान घातला. सगळे बादल्या हातात धरून त्याच्याकडे बघत होते, अनंतासुद्धा. आत आवाज होता. दुपारी तो शेगडीवर उतू जाणाऱ्या दुधासारखा होता, आता तो सुतासारखा झाला होता, चरख्यावरून निघणाऱ्या. सूत बारीक होत गेलं. अजून बारीक. किती गळत्या त्याने ऐकल्या होत्या, आणि एकही त्याच्या कानादेखत आपणहून मिटली नव्हती. सूत तुटलं. मग पुन्हा जुळलं, आणि हलकेच, कुणी ओठ मिटावेत तसं, संपलं. मागे नुसतं लाकूड राहिलं, भरलेलं, जडशीळ, आणि त्यामागे खाडीचा संथ, मोठा श्वास. थोडा वेळ तो आवाज त्याने एकट्याने ऐकला.

"अरं, काय बोलते ती?" सोनूमावशीला राहवेना.

"पिऊन झालं तिचं," शिवदास म्हणाला.

अनंताने आपली बादली उलटी करून तिच्यावर बूड टेकलं आणि आईकडे पाहिलं. म्हातारीने ओल्या फळीवर दोनदा थोपटलं, मग पदराने तोंड पुसलं.

"मंग आता माझं बघा कुनीतरी," ती म्हणाली. "सकालपासून घसा कोरडा हाय, कुनाला आठवन नाय."

मितेशने बाटली पुढे केली. ती गटागटा प्यायली, आणि शिवदासने, सवयीने, कांब पुन्हा फळीला लावली.